देवाला पोच

आप्पांच्या घरात देव नव्हता. भिंतीत कोनाडा होता, तो रोज पुसलेला असायचा, त्यात समई होती, उदबत्तीचं घर होतं, फक्त देवाच्या जागी काही नव्हतं. मी निमोण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा तो कोनाडा बघून मला बरंच वाटलं. आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा नाशिकला कपाटात ठेवून आलेली बाई मी. म्हटलं, चला, आपल्या जातकुळीतला एक भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून निघालेले. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, "देवाला पोच द्यायला."

ही पोच काय भानगड आहे ते त्यांनीच मला समजावून सांगितलं. आप्पा शेवंती आणि कांदा करायचे, त्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान मार्केट यार्डातून आलेलं. "बाई, मार्केटला माल धाडला आन् आडत्यानं पोचला म्हणून सांगितलंच न्हाई, तर जीव टांगणीला लागतो का न्हाई? तसंच त्याचंबी. त्यो रोज धाडतो. आपल्याला घावलं म्हणून सांगाया नको? रोजच्या रोज सांगायचं. मागायचं मातर काय न्हाई. मागणाऱ्यांची गर्दी हाय तिथं, आपण कशाला भर घालायची?"

आताही कुरियरवाला दारात सही मागतो तेव्हा मला आप्पा आठवतात.

देव होता तो त्यांच्या थोरल्या भावाकडे, चार वावरं ओलांडून पलीकडच्या वस्तीवर. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. वाटण्या झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे घरचे देव थोरल्याकडे गेले. देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा, भवानी, घराण्यातले गेलेले वाडवडील. धाकटा वेगळा झाला की तो सोनाराकडून नवे टाक करून घेतो, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणतो आणि आपल्या घरात बसवतो. भावकीत सगळ्यांनी असंच केलं होतं. आप्पांनी केलं नाही.

"नवा काय, सोनार कवाबी देईल," ते म्हणायचे. "पर त्या नव्याला माझं काय ठावं? लहानपणी हिरीत पडलो तवा वर काढला ह्या जुन्यानं. बायकूच्या आजारपणात माझ्याजवळ बसला त्यो जुना. आता उपकार एकाचं आन् पोच दुसऱ्याला द्यायची, हे बरं दिसतं का?"

मी सुरुवातीला वाद घालायची. देव सगळीकडे एकच असतो ना, असं तुम्हीच लोक म्हणता, मग घरी उभं राहून सांगा की. त्यावर आप्पा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे ती मला ओळखीची वाटायची, नववीच्या वर्गात मी 'ढ' मुलांकडे तशीच बघते.

आता यातली खरी गोम अशी, की आप्पा आणि आबा एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरची चिंच आबांनी ट्रॅक्टरला वाट करायला तोडली, ती चिंच आईच्या हातची होती, त्यावरून अबोला. निदान एकदा आप्पांनी मला असं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कारण विहिरीच्या पाळीचं होतं, तिसऱ्यांदा कुणाच्या तरी लग्नातल्या टोपीचं. कारण विसरलं तरी अबोला दोघांनी जीव लावून सांभाळला होता. दोघांच्याही बायका गेलेल्या. आप्पांची एकुलती लेक केंदूरला दिलेली, आबांचा मुलगा दौंडला रेल्वेत. दोन म्हातारे दोन घरांत एकेकटे, मध्ये चार वावरं, आणि रोज सकाळी एकाला दुसऱ्याच्या दारात जाणं भाग, कारण देव तिथे.

मी हे रोज बघायची, कारण माझं दूध आबांकडचं होतं. आबांचा देव्हारा आतल्या खोलीत, बरोबर दारासमोर. आबा उंबऱ्याच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. आप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे. अबोला धरल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. त्यामुळे आप्पांना देवाकडे बघायचं तर आबांच्या डोक्यावरून बघावं लागे. आबांचा मूड ठीक असला की ते पेपर वाचायच्या निमित्ताने खाली वाकत. नसला की मुद्दाम ताठ बसत, आणि मग आप्पा टाचा उंच करून हात जोडत.

"देवा," आप्पा खणखणीत आवाजात सुरू करत, "काल सांच्याला पायाखालनं जनावर गेलं, चावलं न्हाई. उपकार. पोरीचा फोन आला, नातीचा ताप उतरला. उपकार. लाईट दिवसाची दिली, उपकार. शेजारच्या वावरात कोण मोटार चालू ठिवून झोपलं व्हतं, त्याला झोप लागली ह्याचंबी उपकार. फकस्त त्याचं पाणी माझ्या शेवंतीत शिरलं."

आबा पेपरातून मान वर न करता म्हणत, "देवा, त्यो बांध उंदरांनी पोखारलाय. ज्याचा बांध त्यानं बुजवावा."

"देवा, उंदरं वरच्या अंगानं येत्यात."

"देवा, उंदराला वरचं अंग आन् खालचं अंग कळत न्हाई म्हणावं."

मी दुधाची किटली धरून मध्ये उभी. पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना, नंतर सवय झाली. हवामान, खताचे भाव, कुणाचं लग्न जमलं, कुणाला ॲडमिट केलं, हे सगळं देवाच्या मार्फत इकडून तिकडे जायचं. चहासुद्धा. आबा दोन कप करत. एक स्वतः घेत आणि दुसरा देवापुढे ठेवत. खंडोबाला चहाचा नैवेद्य मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पोच संपली की आबा तो कप उचलून उंबऱ्यावर आणून ठेवत आणि वावराकडे बघत बसत. आप्पा प्रसाद म्हणून तो घेत. चहात साखर किती, हे देवाला कधी कुणी विचारलं नाही, पण आप्पांना लागते तितकीच असायची.

एकदा काय झालं, आबांनी उत्तर देण्याऐवजी डोळे मिटले आणि ओठ हलवत बसले. आप्पांचा पारा चढला.

"देवा, त्याला म्हणावं, मनातल्या मनात काय पुटपुटायचं न्हाई. बोलायचं तर ऐकू ईल असं बोलावं. चोरून बोलायला ही काय ग्रामपंचायत हाय?"

आबांना हसू फुटलं. पेपर तोंडावर धरला, पण पेपर हलत होता.

घरी मात्र आप्पा बोलत नसत. हे मला फार उशिरा लक्षात आलं. दिवसभराचं सगळं बोलणं त्यांनी त्या उंबऱ्यावर सकाळीच खर्च केलेलं असायचं. परत आले की फुलं तोडायची, पाणी धरायचं, दोन भाकऱ्या थापायच्या, रेडिओ नाही, टीव्ही नाही. रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर यायची तेव्हा ते ओट्यावर बसलेले असायचे, नुसते. माझ्या आधी त्या खोल्यांत रांजणगावच्या कंपनीत जाणारी बिहारकडची पोरं होती. "गुणी पोरं. मला चाचा म्हणायची. शिफ्ट सुटली की 'चाचा, खाना खाया?' म्हणून इचारायची," आप्पा सांगायचे. ती पोरं कंपनीजवळ राहायला गेली आणि पुढे खूप दिवस खोल्यांना कुलूप होतं.

संध्याकाळी ते अंगणात कॉटवर बसत. माझ्या खोलीत दिवा लागला की उठून कॉट आत घेत. शाळेत कार्यक्रम असला, मला यायला उशीर झाला, तरी कॉट बाहेरच. मला वाटायचं म्हातारा विजेच्या मीटरवर लक्ष ठेवून आहे. नवऱ्याला फोनवर मी तसं सांगितलंही होतं आणि आम्ही हसलो होतो.

एका वर्षी आप्पांना डेंग्यू झाला. शिरूरला दवाखान्यात ठेवलं होतं. शेवंती ऐन तोडणीला आलेली. मी सकाळी दुधाला गेले तर आबांच्या घराला कडी. परत येते तर आबा आप्पांच्या वावरात, वाकून फुलं तोडतायत, स्वतःच्या शेताला असावं तसं पाणी चालू. मला बघून म्हणाले, "बाई, हिकडं आलो व्हतो जनावर शोधाया." जनावर दावणीला होतं, मी येताना बघितलं होतं.

आप्पा बरे होऊन आले ते आधी घरी आले नाहीत. जीप थेट आबांच्या दारात थांबवली. उभं राहवत नव्हतं, केंदूरच्या लेकीने दंड धरलेला. म्हणाले, "देवा, म्या मेलो न्हाई, ते तुझं काम. आन् माझी फुलं ज्या कुणी टायमाला धाडली, त्याच्या हाताला यश दे." आबा पेपराची घडी घालत म्हणाले, "देवा, त्याला सांग, मोटारीचा फ्यूज गेला व्हता, म्या बदललाय. आता घरी जाऊन पड म्हणावं." त्या दिवशी ते नक्की बोलतील असं मला वाटलं होतं. बोलले नाहीत.

आणि मग ती थंडीतली सकाळ. सराव परीक्षेचे पेपर तपासत बसल्याने मला दुधाला जायला उशीर झाला होता. वाटेत आप्पा परत येताना भेटले, तरातरा चालत, टोपी हातात.

"आज चहा न्हाई आन् बोलणंबी न्हाई," ते म्हणाले. "एवढं उपकार सांगितलं, त्यानं हूं का चूं केलं न्हाई. नुसता बसलाय भिंतीला टेकून. मनातल्या मनात चाललंय त्याचं. म्याबी सुनावलं, ऱ्हा म्हणलं तसाच मुका!"

मी हसून पुढे गेले. आबांच्या गाई हंबरत होत्या, कासा भरलेल्या. आबा खुर्चीत होते. भिंतीकडे कललेले. तोंडाची एक बाजू ओघळली होती आणि डोळे वाटेवर लागलेले, ज्या वाटेने आप्पा नुकतेच गेले होते.

मी ओरडले. कशी ओरडले ते आठवत नाही, पण आप्पा पळत आले. उंबऱ्याशी एक क्षण थांबले. मग तो ओलांडून आत गेले आणि भावाला छातीशी धरून "देवा, देवा, देवा" एवढंच म्हणत राहिले. त्या वेळी ते कुणाला हाक मारत होते, मला सांगता येणार नाही.

आबा वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलगा त्यांना दौंडला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं, गाई विकल्या, आणि देव पिवळ्या फडक्यात बांधून मुलाने सोबत नेले. घरात दिवा लावायला कुणी नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून आप्पा दौंडला जायला लागले. रोज. एसटीने जायचं, मध्ये गाडी बदलायची, परत यायला दुपार कलायची. फुलं झाडावर सुकायला लागली. स्टँडवर लोक टिंगल करायचे, "आप्पा, दौंडच्या देवाला पावर जास्त हाय का?" आप्पा म्हणायचे, "देव त्योच हाय. पत्ता बदललाय." लोकांना ते भक्तीचं वेड वाटायचं. मला दिसत होतं की त्या सकाळचं त्यांच्या घशात अडकलंय. भाऊ मरणाच्या दारात बसलेला असताना आपण त्याला मुका ऱ्हा म्हणालो, हे शब्द त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी उच्चारले नाहीत. फक्त खाणं कमी झालं.

सुट्टीला नाशिकला जाताना मला दौंडहून मनमाडची गाडी होती, म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. पुतण्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये आबांची कॉट, समोर टीव्हीशेजारच्या कप्प्यात देव. आप्पा दाराबाहेर चपलांच्या स्टँडपाशी उभे राहिले. जिन्याने येणारे-जाणारे त्यांना चुकवून जात होते.

"आप्पा, आत या की," पुतण्या म्हणाला. "रोज काय बाहेरनं?"

"हितनं दिसतो," आप्पा म्हणाले.

त्यांनी पोच दिली. एसटीत बसायला जागा मिळाली, उपकार. बाई सोबतीला आल्या, उपकार. एकेक सांगत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, जिथे आबांचं उत्तर यायचं तिथे. उत्तर येत नव्हतं. आबा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेले. शेवटी आप्पांचा आवाज एकदम खाली गेला.

"देवा, त्या दिशी म्या वरडलो. मला कळलं न्हाई. मला वाटलं त्यो नेहमीसारखं करतोय. त्याला सांग."

सुनेने आबांच्या उशाशी स्टुलावर चहाचा कप ठेवलेला होता, पाजण्याआधी थोडा निवावा म्हणून. आबांचा डावा हात चादरीतून बाहेर आला. कापत कापत कपापर्यंत गेला आणि त्याने तो कप ढकलला. थोडासाच, दाराच्या दिशेने. चहा स्टुलावर सांडला.

सून फडकं आणायला धावली. आप्पा आत आले. कप उचलला, देवापुढे ठेवला, हात जोडले आणि मग तिथेच, आबांच्या कॉटच्या कडेवर बसून तो प्यायले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मला गाडीची वेळ झाली होती, मी निघाले. स्टेशनापर्यंत मी रडत चालले होते आणि रिक्षावाले विचारत होते, मॅडम, कुठं जायचंय?

उन्हाळ्यात आबा गेले. तेरावं झाल्यावर पुतण्या पिवळं फडकं घेऊन निमोण्याला आला. "आता घरात थोरलं तुम्हीच, आप्पा. देव तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाला. इतकी वर्षं पुसून ठेवलेल्या कोनाड्यात शेवटी देव आले. मी मनात म्हटलं, सुटले बिचारे, आता दोन पावलांवर देव.

आणि पोच बंद झाली.

आप्पा आंघोळ करत, सदरा घालत, टोपी नीट करत, आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर येऊन कोनाड्याकडे तोंड करून उभे राहत. तोंड उघडत. शब्द येत नसे. थोड्या वेळाने चप्पल घालून वावरात निघून जात. असं रोज चाललं. शेवटी न राहवून मी विचारलं.

"बोलाया गेलं का मधी खुर्ची नसती," ते म्हणाले. मग ओट्यावर बसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला एक सांगा. इतकी वरसं म्या देवाला सांगत व्हतो का त्याला? आन् जर त्यालाच सांगत असंल, तर देवाची सगळी पोच ऱ्हायली की वो. त्याला वाटत असंल, ह्यो माणूस घेतोय नुसता, सांगत काय न्हाई."

त्यांचा चेहरा खरोखर घाबरलेला होता.

त्यातच माझ्या बदलीचा आदेश आला. नाशिक मिळालं. ज्यासाठी मी दरवर्षी अर्ज करत होते ते हातात आलं होतं आणि मला ते आप्पांना सांगता येईना. सकाळी ठरवायची, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ते कॉटवर बसलेले दिसले की म्हणायची, उद्या. सामान बांधायचे खोके आणले तेसुद्धा शाळेत ठेवले.

मग एका सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी माझी पेपर तपासायची खुर्ची त्यांच्या घरात नेली. उंबऱ्याच्या आत, कोनाड्याच्या समोर ठेवली. दोन कप चहा केला. एक देवापुढे ठेवला. हात जोडायचे की नाही ते कळेना, म्हणून नुसता नीट ठेवला. दुसरा घेऊन खुर्चीत बसले आणि पेपर उघडला.

आप्पा आले. मला बघून दारातच थांबले. मग हात जोडले.

"देवा..." अगदी हळू.

मी पेपरातून मान वर केली नाही. "देवा, त्यांना सांग, बोलायचं तर ऐकू येईल असं बोला. चोरून बोलायला ही काय ग्रामपंचायत आहे?"

आप्पांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा की कशाचा, मी बघितलं नाही. आणि मग ते बोलायला लागले. साठलेलं सगळं. लेकीने पाठवलेलं लोणचं, विहिरीला टिकलेलं पाणी, गुडघ्याचं थांबलेलं दुखणं, भावाला मरताना त्रास झाला नाही, त्याचे उपकार. त्याने कप ढकलला, त्याचे उपकार. माझा चहा निवून गेला तरी ते सांगत होते. सांगून झालं, तेव्हा माझी पाळी होती.

"देवा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "आप्पांना सांग, माझी बदली झालीय. नाशिकला. मला घरी जायला मिळतंय. पुढच्या महिन्यात खोल्या सोडीन."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. आप्पांनी पुन्हा हात जोडले. मग माझ्या डोक्यावरून, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"देवा, बाई आपल्या माणसांत चालल्या, उपकार. सांच्याला त्यांच्या खोलीत दिवा लागायचा आन् मला वाटायचं, घरात कोण तरी आलं. तेवढं झालं का म्या आत जायचो. त्याचं लई उपकार."

ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी हात खाली घेतले नव्हते.

"मागत न्हाई म्या कवा, तुला ठावं हाय," ते म्हणाले. आवाज आता खणखणीत नव्हता. "पर ह्या येळी मागतो. ती खोली लई दिस अंधारी ठिवू नगस."

मी मान खाली घातली, आणि त्यांना देव नीट दिसावा म्हणून खुर्चीत जितकं वाकता येईल तितकी वाकले.